नवजात अर्भकांच्या कैवारी डॉ. व्हर्जिनिया ॲपगार

घरात बाळ जन्मास आले म्हणजे वडीलधारी माणसे प्रथम जन्मवेळ टिपून ठेवतात. पत्रिका मांडावयाची तर घटका-पळांचा हिशेब चुकता कामा नये, अशी आपली जुनी रीत आहे. त्याच वेळी प्रसूतिगृहातही कोणीतरी घड्याळाकडे पाहत असते. परंतु ते ग्रहांसाठी नव्हे, तर बाळाच्या श्वासासाठी. जन्मास एक मिनिट पुरे झाले की बाळाची पाच गोष्टींत परीक्षा होते व तिचे गुण मांडले जातात. पाच मिनिटे झाली म्हणजे तीच परीक्षा पुन्हा होते. इस्पितळातून घरी येताना जे कागद मिळतात, त्यांवर पुष्कळदा 'ॲपगार' हा शब्द व त्यापुढे ८, ९ असे आकडे आढळतात. हे एखाद्या यंत्राचे अथवा औषधाचे नाव असावे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ते एका स्त्रीचे आडनाव आहे. आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरोघरी नातवंडे खेळत आहेत. त्यांपैकी कित्येकांची पहिली परीक्षा या बाईंच्या पद्धतीनेच झालेली आहे. म्हणून त्यांचे चरित्र या स्मरणिकेच्या द्वारे वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

व्हर्जिनिया ॲपगार यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात वेस्टफील्ड या गावी झाला. तीन भावंडांत त्या धाकट्या. वडील चार्ल्स ॲपगार हे विमा कंपनीत नोकरीस होते. परंतु त्यांचा जीव रमे तो बिनतारी यंत्रात व आकाशदर्शनात. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, सेव्हिल येथील जर्मन बिनतारी केंद्रावरून सुटणारे संशयास्पद संदेश त्यांनी घरच्या यंत्रावर मेणाच्या नळकांड्यांत उतरवून घेतले व सरकारच्या हवाली केले. नीट ऐकावे, ऐकलेले टिपून ठेवावे, हा पित्याचा गुण कन्येत पुरेपूर उतरला. घरात संगीताचाही नाद होता व व्हर्जिनिया बालपणीच व्हायोलिन शिकल्या. तथापि या आनंदी घरास आजारपणाचे ग्रहण लागलेले होते. थोरला भाऊ क्षयाने दगावला व दुसऱ्यास त्वचेचा चिवट विकार जडलेला होता. डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय शाळेत असतानाच झाला होता.

माउंट होलिओक या स्त्रियांच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र हा विषय घेऊन त्या १९२९ साली पदवीधर झाल्या. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे मिळेल ते काम करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागविला. प्रयोगशाळेस विच्छेदनासाठी मांजरे लागत, ती पकडून आणण्याचे कामही त्यांनी पत्करले होते. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला आणि थोड्याच काळात अमेरिकेवर महामंदीचे संकट कोसळले. १९३३ साली त्या वर्गात चौथ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या, तेव्हा त्यांच्या डोक्यावर सुमारे चार हजार डॉलरांचे कर्ज होते.

शस्त्रवैद्य व्हावे, ही त्यांची मनीषा. त्या विभागात त्यांनी दोन वर्षे उमेदवारीही उत्तम प्रकारे केली. परंतु विभागाचे प्रमुख डॉ. ॲलन व्हिपल यांनी त्यांना वेगळा सल्ला दिला. त्यांनी पूर्वी तयार केलेल्या स्त्री-शस्त्रवैद्यांना व्यवसायात जम बसविता आला नव्हता. शिवाय भूल देण्याच्या शास्त्रास कर्तबगार माणसांची नितांत गरज आहे, हेही ते जाणून होते. त्या काळी भूल देण्याचे काम बहुतांशी परिचारिकांकडे असे व डॉक्टरांच्या जगात त्यास फारशी प्रतिष्ठा नव्हती. इच्छिलेले दार बंद झाले असता मनुष्य एक तर तेथेच अडून राहतो, नाही तर जे दार उघडे असेल त्यातून आत शिरतो. ॲपगारबाईंनी दुसरा मार्ग पत्करला. प्रथम त्यांनी आपल्याच इस्पितळातील परिचारिकांकडे भुलेचे धडे घेतले. डॉक्टरने परिचारिकांकडे शिकावयास बसावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यानंतर १९३७ साली मॅडिसन येथे डॉ. राल्फ वॉटर्स यांच्याकडे व पुढे न्यूयॉर्कच्या बेल्व्ह्यू इस्पितळात डॉ. रोव्हेनस्टाइन यांच्याकडे त्यांनी हे शास्त्र संपादन केले. मॅडिसनला स्त्री-डॉक्टरांच्या राहण्याची सोय नव्हती, त्यामुळे त्यांना बिऱ्हाड हलवीत राहावे लागले.

१९३८ साली त्या कोलंबियास परतल्या व भूल विभागाच्या प्रमुख झाल्या. त्या इस्पितळात एखाद्या विभागाची सूत्रे स्त्रीच्या हाती येण्याची ही पहिलीच वेळ होती. माणसे थोडी, काम अफाट व शस्त्रवैद्यांकडून बरोबरीची वागणूक नाही, अशा स्थितीत त्यांनी अकरा वर्षे विभाग वाढविला. १९४९ साली त्याला स्वतंत्र शाखेचा दर्जा मिळाला, तेव्हा प्रमुखपदी मात्र डॉ. इमॅन्युएल पॅपर यांची नेमणूक झाली. ज्या रोपास आपण पाणी घातले, त्याच्या सावलीत दुसऱ्यास बसविले गेले, तर भलेभले कडवट होतात. बाईंना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले. त्या महाविद्यालयात हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. कारभाराच्या जबाबदारीतून मोकळ्या होताच त्या प्रसूतिगृहाकडे वळल्या. बाळंतिणीस दिलेल्या भुलेचा पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो, या प्रश्नाने त्यांचे चित्त वेधून घेतले.

त्या काळची स्थिती येथे सांगितली पाहिजे. अमेरिकेत बालमृत्यूचे एकंदर प्रमाण १९३० नंतर घटत चालले होते. परंतु जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील मृत्यू मात्र हटत नव्हते. बाळ जन्मले की डॉक्टरांचे सारे लक्ष आईकडे लागे. बाळ नाळ कापून बाजूस ठेवले जाई. जे जोरात रडे ते ठीक. जे निळे पडे, लुळे राही वा अपुऱ्या दिवसांचे असे, ते जगावयाचे नाही असे गृहीत धरले जाई. श्वास चालू करण्याचा थोडा प्रयत्न केला असता त्यांतील कित्येक वाचू शकली असती. पण कोणते बाळ खरोखर संकटात आहे, हे ठरविण्याची सर्वमान्य कसोटीच नव्हती. एक डॉक्टर ज्यास बरे म्हणे, त्यासच दुसरा अत्यवस्थ म्हणे.

१९४९ साली एके दिवशी सकाळी इस्पितळाच्या उपाहारगृहात न्याहारी चालू असता एका विद्यार्थ्याने बाईंना विचारले की, नवजात बाळाची प्रकृती मोजावी कशी. बाईंनी हाताशी असलेला कागद ओढला व पाच बाबी भराभर लिहून काढल्या. मग तशाच उठून त्या करून पाहण्यासाठी प्रसूतिगृहाकडे गेल्या. त्या पाच बाबी अशा : हृदयाचे ठोके, श्वासोच्छ्वास, स्नायूंचा ताठरपणा, डिवचल्यास मिळणारा प्रतिसाद व अंगाचा वर्ण. प्रत्येक बाबीस शून्य, एक किंवा दोन गुण. सर्व मिळून दहा. ठोके लागतच नसतील तर शून्य, मिनिटास शंभराहून कमी असतील तर एक, अधिक असतील तर दोन. बाळ खणखणीत रडले तर श्वासाचे दोन, मंद वा अनियमित श्वास घेत असेल तर एक. हातपाय झाडीत असेल तर दोन, किंचित दुमडीत असेल तर एक, लुळे पडले असेल तर शून्य. नाकात नळीचा स्पर्श होताच शिंकले वा खोकले तर दोन, नुसते तोंड वेडेवाकडे केले तर एक. सर्वांग गुलाबी तर दोन, हातपाय तेवढे निळसर असतील तर एक.

शिक्षकी पेशात आयुष्य वेचलेल्या आमच्यासारख्यास या पद्धतीचे विशेष कौतुक वाटते. परीक्षकागणिक गुण बदलू लागले तर परीक्षेस अर्थ उरत नाही, हे आम्ही जाणतो. बाईंच्या कसोटीस यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, पैसाही लागत नाही. डोळे, कान, हात व घड्याळ एवढे पुरते. आणि तिचा खरा लाभ आकड्यात नाहीच. गुण द्यावयाचे म्हणजे बाळाकडे पाहावेच लागते! जे बाळ आजवर बाजूस ठेवले जात होते, त्याच्याकडे कोणीतरी पुरते एक मिनिट एकाग्र होऊन पाहू लागले. प्रसूती करणाऱ्याने स्वतः गुण देऊ नयेत, दुसऱ्याने द्यावेत, असाही बाईंचा आग्रह असे. त्यातील मर्म शिक्षकांस निराळे सांगावयास नको.

१९५२ साली एका वैद्यकीय परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली व १९५३ साली त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. हजाराहून अधिक बाळांचे गुण त्यात नोंदविलेले होते. पुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांना दोन वा त्याहून कमी गुण मिळाले, त्यांतील शंभरात चौदा दगावली. ज्यांना आठ वा अधिक मिळाले, त्यांत हजारी एकाच्या आसपास. पुढे बारा संस्थांतील १७,२२१ बाळांच्या पाहणीने या कसोटीस बळकटी आली आणि पाचव्या मिनिटाचे गुण अधिक बोलके असतात, हेही दिसून आले. १९६२ साली डॉ. जोसेफ बटरफील्ड यांनी बाईंच्या आडनावातील पाच इंग्रजी अक्षरांवरून पाचही बाबींची नावे जुळविली. तेव्हापासून ते आडनाव हेच विद्यार्थ्यांचे पाठांतर झाले.

बाईंचा सचोटीचा स्वभाव दाखविणारी एक गोष्ट याच काळातील आहे. डॉ. स्टॅन्ली जेम्स व डॉ. डंकन होलाडे या सहकाऱ्यांसमवेत त्यांनी नवजात बाळाच्या रक्तातील प्राणवायू व आम्लता मोजण्याचे काम हाती घेतले. कमी गुणांच्या बाळांत प्राणवायूची चणचण असते, हे त्यातून सिद्ध झाले. त्याचबरोबर आईस सायक्लोप्रोपेन नावाचा वायू भुलेसाठी दिला असता बाळ मंद जन्मते, असेही आढळून आले. हा वायू बाईंचा स्वतःचा आवडता होता. परंतु पुरावा पुढे येताच त्यांनी प्रसूतीच्या कामी त्यास तत्काळ रजा दिली. आपल्या आवडीपेक्षा बाळाचा श्वास त्यांना मोलाचा वाटला.

या गुणांविषयी एक खुलासा करणे अगत्याचे आहे. हातपाय निळसर असणे पहिल्या मिनिटास स्वाभाविक असल्यामुळे दहापैकी दहा गुण क्वचितच मिळतात. आठ किंवा नऊ म्हणजे उत्तमच. सावळ्या कांतीच्या बाळाचा वर्ण ओठ, जीभ, तळहात व तळपाय यांवरून पाहावा लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळास कमी गुण पडणे साहजिक असते. बाळ श्वास घेत नसेल तर मिनिट भरण्याची वाट न पाहता उपचार सुरू करावयाचे असतात. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, हे गुण त्या क्षणाची स्थिती सांगतात. मूल पुढे हुशार निघेल की मंद, हे सांगत नाहीत. ती पत्रिका नव्हे. नातवास सात गुण पडले म्हणून आजी-आजोबांनी चिंताक्रांत होण्याचे कारण नाही.

सतरा हजारांवर प्रसूतींस हजर राहिल्यानंतर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ॲपगारबाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९५९ साली त्यांनी सार्वजनिक आरोग्याची उच्च पदवी घेतली. त्याच सुमारास 'मार्च ऑफ डाइम्स' या नावाने प्रसिद्ध असलेल्या संस्थेकडून त्यांना पाचारण आले. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३८ साली पोलिओच्या निवारणार्थ ही संस्था स्थापिली होती. १९५५ साली डॉ. साल्क यांची लस सिद्ध झाली व संस्थेचे मूळ कार्य फळास आले. तेव्हा तिने जन्मजात व्यंगांचा प्रश्न हाती घेतला व त्या विभागाची धुरा बाईंकडे सोपविली.

जन्मजात व्यंग हा त्या काळी अमेरिकेतही उघड बोलण्याचा विषय नव्हता. असे मूल झाले की घराण्यास बट्टा लागला असे मानीत व मूल दडवून ठेवीत. बाईंनी गावोगाव हिंडून, हजारो मैलांचा प्रवास करून, सभांतून व दूरचित्रवाणीवरून सांगितले की व्यंगांची कारणे शोधता येतात व पुष्कळ व्यंगांवर उपाय असतो. थॅलिडोमाइड नावाच्या गोळ्या गरोदरपणी घेतल्याने हातपाय खुंटलेली हजारो मुले जन्मल्याचे १९६१-६२ साली उघडकीस आले होते. १९६४-६५ साली अमेरिकेत जर्मन गोवराची, म्हणजे रुबेलाची, मोठी साथ आली. आईस साधा ताप व पुरळ; परंतु पोटातील बाळास मात्र बहिरेपण, मोतीबिंदू व हृदयविकार. सुमारे वीस हजार मुले अशी जन्मली. १९६९ साली लस उपलब्ध झाली, तेव्हा ती सर्वत्र टोचावी म्हणून बाईंनी जिवाचे रान केले. माता व बालक यांच्या रक्तगटांतील विरोधामुळे होणारी कावीळ, अपुऱ्या दिवसांची प्रसूती व तिच्यापासून होणारी हानी यांकडेही त्यांनी समाजाचे लक्ष वेधले. संस्थेचे उत्पन्न त्यांच्या कारकिर्दीत दुपटीहून अधिक झाले. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी जन्मजात व्यंगांचा विषय शिकविला व १९७२ साली जोन बेक यांच्या सहकार्याने आईबापांसाठी या विषयावर सुबोध ग्रंथ लिहिला.

इतका व्याप असूनही बाईंची वृत्ती रसिक व खेळकर होती. बागकाम, टपाल तिकिटांचा संग्रह, मासेमारी अशा नाना छंदांत त्या रमत. पन्नाशीनंतर विमान चालविण्याचे धडेही त्यांनी घेतले. श्वासनलिका मोकळी करण्याची साधने त्यांच्याजवळ सदैव असत. आपल्या देखत कोणाचा श्वास अडू द्यावयाचा नाही, हा बाणा. कार्लीन हचिन्स या शिक्षिका व वाद्यकार त्यांच्या रुग्ण होत्या. त्यांच्याकडून बाईंनी तंतुवाद्ये घडविण्याची कला आत्मसात केली. इस्पितळातील दूरध्वनीच्या खोलीत मेपल लाकडाची एक सुरेख फळी होती. व्हियोला या वाद्याच्या पाठीस तीच हवी, असे दोघींनी मनात घेतले. रीतसर मागणी करून पाहिली, नकार मिळाला. मग १९५७ साली एका रात्री दोघी हत्यारे घेऊन गेल्या, ती फळी काढली व तिच्या जागी रंग देऊन तशीच केलेली दुसरी बसविली. नवी फळी पाव इंच लांब भरल्याने ती कापावी लागली, तेवढा वेळ प्राध्यापकबाई बाहेर पहारा देत उभ्या होत्या! या कृत्याचा कित्ता तरुणांनी गिरवावा असे आम्ही म्हणणार नाही; परंतु थोर माणसेही आपल्यासारखीच हाडामांसाची असतात, एवढे त्यावरून कळते.

बाईंनी विवाह केला नाही. ७ ऑगस्ट १९७४ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, ज्या इस्पितळात त्यांची जडणघडण झाली तेथेच यकृताच्या विकाराने त्यांचे देहावसान झाले. १९९४ साली अमेरिकन सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. त्या वर्षी बालरोगतज्ज्ञांच्या सभेत डॉक्टरांनी बाईंच्या हातची वाद्ये वाजवून त्यांना आदरांजली वाहिली.

बाळाकडे नीट पाहिले की बाळ वाचते, ही बाईंची शिकवण आपल्या महाराष्ट्रातही प्रत्ययास आलेली आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांस बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे व संसर्ग ओळखणे शिकविले. ३९ गावांतील नवजात बालकांचे मृत्यू त्यामुळे ६२ टक्क्यांनी घटले व १९९९ साली हा अनुभव जगापुढे मांडला गेला. बाईंनी विदुषी डॉक्टरांस जे शिकविले, ते येथे आरोग्यदूत भगिनींनी झोपडीत करून दाखविले.

आता थोडे आपल्या ज्ञातीविषयी. ओठ दुभंगलेले वा पाऊल वळलेले मूल जन्मले की, गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, त्या वेळी भाजी चिरली, असा ठपका आजही सुनेवर ठेवला जातो. हा निव्वळ अन्याय आहे. दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने सांधता येतो व वळलेले पाऊल वेळीच प्लास्टर घातल्याने सरळ होते. मूल दडविण्यात मात्र उपचाराची वेळ निघून जाते. अशा मुलांची तपासणी व उपचार यांसाठी २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा लाभ घेण्यात संकोच कसला? मामे-आते भावंडांचे विवाह आपल्याकडे रूढ आहेत. जन्मजात व्यंगाचे प्रमाण सामान्यतः शंभरात दोन ते तीन असते, ते अशा विवाहांत सुमारे दुप्पट होते. वधू-वर दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक खेपेस चारात एक मूल त्या दुखण्याचे होण्याचा संभव असतो आणि वाहक आहे की नाही, हे एका रक्ततपासणीने कळते. वधू-वर सूचीत गोत्र व नाड यांच्या शेजारी या तपासणीचाही रकाना असावा, अशी आमची मंडळास नम्र सूचना आहे. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून चार आठवड्यांच्या आत मिटते, म्हणून फॉलिक आम्लाची गोळी दिवस राहण्यापूर्वीच सुरू करावी लागते. रुबेलाची लसही विवाहापूर्वीच टोचून घ्यावी, कारण गरोदरपणी ती देत नाहीत. भारतात २०१७ साली सुरू झालेल्या मोहिमेत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांस ती दिली गेली. त्या वेळी ज्या मुली त्याहून मोठ्या होत्या, त्यांच्या आईबापांनी चौकशी करावी.

पत्रिका पाहणाऱ्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु बाळ जन्मताच आकाशाकडे पाहण्यापूर्वी बाळाकडे पाहावे, व ते जसे असेल तसे पदरात घ्यावे, एवढा धडा व्हर्जिनिया ॲपगार यांच्या चरित्रातून आपण घेतला, तर आपल्या ज्ञातीतील एखादे तरी अर्भक वाचेल व एखाद्या तरी मातेच्या माथ्यावरील नाहक दोष दूर होईल. तशी सद्बुद्धी परमेश्वर आपणां सर्वांस देवो, अशी प्रार्थना करून हा चरित्रलेख येथेच पुरा करितो.